मऊ धातू

अॅल्युमिनियमचा तुकडा तळहातावर इतका हलका, की त्याच्यावर भरवसाच बसेना... तरी सकाळपासून तिच्या एप्रनच्या खिशात तोच होता, कारण तो मऊ होता, आणि आज धातू कातायच्या लेथवर पहिल्यांदा ताई उभी राहणार होती — तिची थोरली बहीण, जिने शिवणयंत्राच्या जिवावर हिला शिकवून लेथची मास्तरीण केलं, आणि शिवणाचं दुकान बंद पडल्यावर, पन्नाशीत, बजावलं, "आज जमलं तर उद्या येईन. नाहीतर पुन्हा नाव काढू नकोस."

हिच्या वाट्याला पहिल्या दिवशी कडक पोलाद आलं होतं. आधी घाम गाळा, म्हणायचे वस्ताद — आणि हत्याराचं टोक टचकन उडालं, मग कितीतरी दिवस लेथ सुरू करताना ही दोन पावलं मागे सरकायची... ताईचं तसं होता कामा नये. म्हणून मऊ. मऊ म्हणजे सोपं, त्यात काय विचारायचं?

ताई वेळेआधीच येऊन मागे उभी. हिने सहज म्हणून तुकडा लावून पाहिला, तर धातू हत्याराच्या टोकाला चिकटून बसला.

"हे काय गं, ओरबाडल्यासारखं?"

"मऊ आहे ना, चिकटतंय."

"मग मला कशाला? नव्या बाईला मी कधी मलमल दिलीय? सुळसुळते मेली! खळीचं कापड द्यावं, सरळ चालतं."

अगं बाई! रात्रभर मी डोकं शिणवलं, आणि हे... हिला इतकं हसू लोटलं, की सरळ कापली जाणारी पितळेची कांब मागायला गेल्यावर स्टोअरवाल्यासमोरही ते आवरेना.

"पितळ? शिकाऊंना? काय हे लाड!"

"आहेतच लाड," ती म्हणाली.

पितळेची कांब फिरू लागली. चष्म्याआडचे ताईचे डोळे बारीक झाले, हात चाकावर अलगद, आणि पिवळा कीस भुरभुरत खाली — मागे लखलखीत गोल. हिचा हात मात्र बंद करायच्या बटणापाशी, ताई आता दचकेल, मग दचकेल...

"माया किती ठेवू?" मान न वळवता ताईने विचारलं.

शेवटच्या कापासाठी जास्तीचं किती सोडायचं — हिने त्यासाठी केवढा जड शब्द घोकून ठेवला होता! आणि ताईने कापडावरचा आपला शब्द उचलून सरळ पितळेवर ठेवला. आजवर विचारणारी ही, सांगणारी ताई. आता ताई विचारत होती, आणि हिला उत्तर पाठ असूनही ही आनंदाने नुसती हसत होती, वेड्यासारखी...

"अगं, सांग की! किती?"