पाठमोरे चोखोबा

विजयकुमारांनी युरोपातल्या जुन्या बरोक शैलीतल्या चित्रांबद्दल आयुष्यभर वाचले होते, पण प्रत्यक्ष एकही पाहिले नव्हते. निवृत्तीनंतर जपानमध्ये उरायासुला मुलीकडे राहायला आल्यावर टोकियोतल्या उएनोच्या संग्रहालयात त्यांना पहिले दिसले. कुठल्याशा चर्चच्या वेदीमागचे ते उंच चित्र होते. वर ढगांत मेरी, भोवती उजळलेले संत आणि खाली कोपऱ्यात गुडघे टेकलेला, पाठमोरा, काळपट असा एक संत. त्या एका अंधाऱ्या पाठीमुळे मागचा प्रकाश केवढा खोल वाटत होता! चित्रकाराच्या या युक्तीवर ते इतके भाळले की अस्मिताने, त्यांच्या मुलीने, त्यांना ओढूनच बाहेर नेले.

म्हणूनच, तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीमागचा पडदा रंगवाल का, असे विचारल्यावर नेहमी मागे मागे राहणाऱ्या या हौशी चित्रकाराने चक्क होकार दिला. रचना तीच घेतली. वर विठोबा, भोवती उजेडात ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, तुकाराम. खाली कोपऱ्यात पाठमोरे चोखोबा.

स्थापनेच्या आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये पडदा टांगला गेला. सगळ्यांनी कौतुक केले, फोटो काढले. दिव्यांचे काम अंगावर घेतलेला उदय मात्र कोपऱ्यापाशी रेंगाळला. तो इथल्याच एका विद्यापीठात संशोधन करत होता.

"काका, हे चोखोबा ना?"

"हो. बरोबर ओळखलंस."

"जपानला येऊनही बाहेरच?"

दोघे-तिघे हसले. उदयही हसला. विजयकुमार घाईघाईने समजावू लागले. पुढची आकृती काळोखात ठेवली की मागचा उजेड खुलतो, जुन्या चित्रकारांची ही पद्धतच होती. बोलता बोलता त्यांचे लक्ष त्या काळ्या पाठीकडे गेले. ज्यांना हयातभर देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्यांनाच या जागी बसवताना आपला हात एकदाही अडखळला नव्हता.

"डेप्थ छान आलीये," उदय म्हणाला आणि वायरी गुंडाळायला गेला.

उगाच मनाला लावून घेऊ नका, तो गमतीने म्हणाला असेल, असे अस्मिताने घरी परोपरीने सांगितले. त्यांना जेवण गेले नाही. सकाळी ते रंग घेऊन हॉलवर गेले. चोखोबांना वळवायचे, उजेडात आणायचे, आरतीच्या आत. पाठीवर त्यांनी पांढऱ्या रंगाचा हात मारला आणि थबकले. बाकीच्या संतांचे चेहरे कॅलेंडरांवरून हातात बसलेले होते. चोखोबांचा चेहरा कसा असेल, हे त्यांच्या मनात कधी आलेच नव्हते.

तेवढ्यात उदय दिव्यांची शिडी घेऊन आला. विजयकुमारांना एकदम हायसे वाटले.

"उदय, जरा बसतोस का माझ्यासमोर? चोखोबांना तुझा चेहरा देतो."

शिडी भिंतीला टेकवता टेकवता उदय थांबला.

"माझाच का, काका?"

आवाजात राग नव्हता. उत्तर मात्र त्याला हवे होते. पलीकडे मंडळातला अनुराग मखराला फुले लावत होता, शैलेंद्र खुर्च्या मांडत होता. दोघेही मघापासून तिथेच होते. चोखोबांच्या चेहऱ्यासाठी विजयकुमारांनी त्यांच्याकडे नुसते पाहिलेसुद्धा नव्हते.

उदय शिडीला हात लावून वाट पाहत उभा होता.