शिसवाच्या पोटातला वाडगा

दुपारचं तिरपं ऊन रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरलं, की शिसवाच्या भुशाने हवा तपकिरी होऊन जायची आणि त्या धूसर उजेडात दत्तूकाकांचा हात लेथवर फिरणाऱ्या लाकडाकडे असा जायचा, जणू तापलेल्या मुलाच्या कपाळाकडे. लाकूड कातणारे कातारी पुष्कळ असतील; गाभा वाया जाऊ न देणारे मी पाहिले ते हेच. बाक दिलेलं पातं अलगद आत सरकवून ते एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढायचे. इतरांच्या हातून ज्याचा नुसता भुसा होतो, त्याचं काकांच्या हाती दुसरं भांडं व्हायचं.

पेणच्या आमच्या अंगणातलं शिसवाचं झाड वादळात पडलं, तेव्हा आई नुकतीच गेली होती. कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी तिने ठोकलेला खिळा खोडाने कधीच गिळून टाकला होता. नेमका तेवढाच तुकडा मी काकांकडे नेला. एक वाडगा मला हवा होता, एक रोह्याला दिलेल्या धाकट्या बहिणीला, शालूला. काकांनी एकच दिला, काठावर खिळ्याच्या गंजाचा काळा ओघळ असलेला. आत लाकूड चिरलं होतं, म्हणाले. मी विश्वास ठेवला, शालूने नाही. दुसरा वाडगा मीच दडवला असं तिने धरलं आणि माहेरी येणंच सोडलं.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दत्तूकाकांच्या घरी काकूंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, तो एका लहान शिसवी वाडग्यातून. त्याच्या काठावर तोच काळा ओघळ होता. मी दारातून शेडकडे पाहिलं. लेथ फिरत होता, काकांचा हात थांबला होता.

“व्हय गो, तुझ्याच झाडाचा हाय,” ते म्हणाले. “गाभा असा काय उतरला, देववलाच नाय.”

परक्याने नेला असता तर मी भांडले असते. पण ज्या हाती आईचं झाड विश्वासाने सोपवलं, त्याच हाताने मला बहिणीच्या नजरेतून उतरवलं. आणि त्या हाताचं काम मला अजूनही सुंदर वाटतं, याची चीड अधिक येते.

तो वाडगा मी काकांकडून मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी रोह्याला जाऊन दोन्ही वाडगे शालूसमोर ठेवले. तिने लहान वाडगा मोठ्यात ठेवून हळूहळू फिरवला. ओघळाला ओघळ मिळाला, तशी तिची बोटं तिथेच थांबली. दोन काठांच्या मध्ये एक बारीक फट उरली होती, पात्याने खाल्लेल्या लाकडाची. त्याचा भुसा कधीच कुंडलिका नदीच्या वाऱ्यावर उडून गेला. आमची अबोल्याची ती वर्षंही तशीच गेली, आणि ती आता कुठल्याच वाडग्यात सापडायची नाहीत.