सत्तर पावलं पोल्का

आमचं घर एकदा नाचत नाचत सत्तर पावलं आणि वर थोडं पूर्वेला गेलं. ओमाहा शहराच्या बाजूचे लोक यावर हसतात. हसू देत. त्यांची घरं लाकडाची, ती जागची कधी हलली नाहीत, त्यांना काय कळणार? मी त्या दिवशी तिथंच होतो. आईच्या पोटात होतो, सातवा महिना चालू होता, त्यामुळे दिसलं काही नाही. पण हादरे सगळे आठवतात.

माझा बाप हावेल झेदनिक बोहेमियातून अमेरिकेत, नेब्रास्कात आला तो १८७१ साली. सोबत बायको रोझाली, धाकटी बहीण आपोलेना, दोन बैल, एक गाडी आणि पिसांच्या चार गाद्या. आपोलेना आत्या त्याआधीच पुढं येऊन शिकागोत दोन वर्षं स्वयंपाकाला होती, त्यामुळे घरात इंग्रजी येणारी ती एकटी. बाकी दोघांना 'येस' येत होतं आणि ते दोघं ते जपून वापरत.

तेव्हा सरकार एकशेसाठ एकर जमीन देत होतं. अर्धा मैल लांब, अर्धा मैल रुंद. कचेरीत नाव घालायचं, सहा महिन्यांच्या आत त्या जमिनीवर घर बांधून राहायला जायचं, पाच वर्षं कसायची, मग ती तुमची. सहा महिन्यांत घर नसलं तर नाव खोडलं. बापानं वीस एप्रिलला नाव घातलं. म्हणजे वीस ऑक्टोबरपर्यंत आमच्या जमिनीवर आमचं छप्पर, आमची चूल आणि आमचं अंथरूण हवं होतं.

जमीन इतकी सपाट, की आईनं चुलीवर कॉफी ठेवली की ती उकळताना दोन मैलांवरच्या शेजाऱ्याला, हृश्काला, दिसायची आणि तो कप घेऊनच निघायचा. अशा जमिनीत हद्द कशी ओळखणार? सरकारी मोजणीदार कोपऱ्यात खुंट्या ठोकून गेले होते. पण जिथं मैलोन् मैल झाड नाही तिथं खुंटी पहिल्याच हिवाळ्यात कुणाच्या तरी चुलीत जाते. आमची पूर्वेची खुंटी शाबूत होती, पश्चिमेची गेली होती. आणि बापाला घर पश्चिमेच्या टोकालाच हवं होतं, कारण तिथं जमीन जरा खोलगट होती आणि विहिरीला पाणी लवकर लागेल असं त्याच्या नाकाला कळलं होतं.

तर सगळे करत तेच त्यांनी केलं. गाडीच्या मागच्या चाकाला फडकं बांधलं. चाकाची एक फेरी तेरा फूट. दोनशे तीन फेऱ्या म्हणजे अर्धा मैल. पूर्वेच्या खुंटीपासून बाप बैल हाकणार, आई गाडीत उलटी बसून फडकं मोजणार. आईला आकडे पन्नासाच्या पुढं भरवशाचे वाटत नसत, म्हणून तिनं जपमाळ काढली. लहानपणापासून तिला पक्कं ठाऊक, की एक माळ म्हणजे पन्नास प्रार्थना. फडकं वर आलं की एक मणी. चार माळा झाल्या की दोनशे. तीन फेऱ्या हद्दीच्या आत राखून थांबायचं.

चार माळा झाल्या, गाडी थांबली, बाप उतरला आणि तिथं घर बांधलं.

घर म्हणजे मातीचं. वसंतात ओल असताना नांगरानं गवत मुळांसकट कापायचं, दोन फूट लांब, फूटभर रुंद अशा विटा पाडायच्या आणि रचायच्या. एकेक वीट अर्ध्या मणाची. मुळं एकमेकांना अशी धरतात की भिंत नंतर बंदुकीलाही दाद देत नाही. मग बापानं विहीर खणली. चाळीस फुटांवर गोड पाणी लागलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला लूथर पेक आला. पूर्वेकडच्या शहरांतला माणूस, काळी हॅट, घोडागाडी. ऑगस्टमध्ये त्यानं आमच्या पश्चिमेची जमीन घेतली होती आणि पदरचा मोजणीदार आणून साखळीनं मोजून घेतली होती. त्यानं आमच्या दारापासून पूर्वेला सत्तर पावलं जाऊन लोखंडी टोकाची खुंटी दाखवली.

"काय म्हणतोय?" बापानं विचारलं.

"म्हणतोय, घर छान बांधलंय," आपोलेना आत्या म्हणाली. "विहीरही आवडली. दोन्ही त्याच्या जमिनीत आहेत. वीस तारखेला तो दोन साक्षीदार घेऊन कचेरीत जाणार. आपल्या जमिनीवर आपलं घरच नाही, म्हणून आपलं नाव खोडणार. घर तेवढं झाडून ठेवा म्हणतोय."

"त्याला म्हणावं, नवीन बांधतो!"

पेक हसला. बुटाच्या टाचेनं त्यानं जमीन टोकरली. दोन महिने पाऊस नव्हता. गवत वाळलेलं, माती भुकटी. अशा मातीची वीट पडत नाही, हे त्याला आमच्याइतकंच माहीत होतं.

तो गेल्यावर तिघं मोजायला बसली. बापानं माळ हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"रोझाली, हे मोठे मणी किती?"

"चार. दर दहांनंतर एक."

"तेही ओढलेस?"

"माळेत आहेत ते ओढणारच की. पण ते मोजायचे नसतात. माळ म्हणजे पन्नास."

"चाकाला काय ठाऊक कुठला मणी मोजायचा नसतो ते! माळेला चार फेऱ्या जास्त. चार माळांना सोळा. तुझ्या भक्तीपायी मी परक्याच्या जमिनीत झोपतोय, बाई!"

"आणि तू काय करत होतास? बैलांना शिव्या. त्या मोजल्या असत्यास तर बरोबर आकडा आला असता."

"भांडा, भांडा," आत्या म्हणाली. "पेकला घर पाहिजेच आहे. भिंतींना तेवढी भांडणाची सवय राहू दे."

आई उठली, भिंतीजवळ गेली, एक वीट ढिली करून ओढली. वीट अख्खी निघाली. उन्हाळाभर मुळांनी माती आवळून दगड केला होता.

"नवीन कशाला पाडायच्या? हेच घर न्यायचं."

"दोन हजार विटा आहेत," बाप म्हणाला. " आपण तिघं. दोन आठवडे. आणि तू अशी."

"मी अशी म्हणजे चौघं. पण तरी पुरणार नाही, ते खरं." तिनं बोटांवर दिवस मोजले. बोटांवर तिचा हिशेब चुकत नसे. "सोळा तारखेला संत हावेलचा दिवस. तुझाही नावाचा सण. आपण पोस्वीत्सेनी करू. सगळ्यांना बोलावू."

पोस्वीत्सेनी म्हणजे आमच्याकडचा सुगीनंतरचा सण. त्यासाठी चर्च लागतं. चर्च चाळीस मैलांवर होतं. पण चर्च नसलं तरी भाजलेला हंस आणि खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोड पाव, असले की बोहेमियन माणूस तीस मैल चालत येतो, आणि ऐकलं नसेल तर वासानं येतो.

हृश्का कॉफी प्यायला आला तेव्हा आईनं त्याला बेत सांगितला. मातौश हृश्का विधुर, धार्मिक, अकॉर्डियन वाजवणारा. आपोलेना आत्याला त्यानं तीनदा मागणी घातली होती. त्यानं कप खाली ठेवला.

"रोझालीताई, सणाच्या दिवशी काम? मी विटा उचलणार नाही आणि कुणी उचलणार नाही. पाप आहे. सतरा तारखेला या म्हणाल तर सगळ्यांचे मके उभे आहेत, कणसं काढायचीत. सतराला मीही येणार नाही."

"काम कोण म्हणतंय, मातौश? सणाला नाचायला चालतं ना?"

"नाचायला चालतं काय, नाचलंच पाहिजे."

"मग नाचा. जोडीनं. हातात काय धरायचं ते माझं मी बघते."

हृश्कानं सगळे नियम मनात चाळले. धर्मात कुठं काही सापडेना. शेवटी म्हणाला, "पोल्का, की वॉल्ट्झ?"

"पोल्का. वॉल्ट्झनं नाताळ उजाडेल."

सोळा तारखेला सकाळी गाड्या यायला लागल्या. किती माणसं होती? मी दोनशे म्हणतो, आत्या दीडशे म्हणायची. पण ती हृश्काला मोजत नसे. बापानं पेकच्या खुंटीच्या अलीकडं, आमच्या जमिनीत बारा पावलं आत, दोरी लावून चौकोन आखला होता. हृश्का अकॉर्डियन घेऊन तिथं बसला, शेजारी एक क्लॅरिनेट आणि एक ढोल. छप्पर उतरवून बाजूला ठेवलेलं. जोडी जुन्या घराशी जाई, आई एक वीट काढून दोघांच्या मध्ये ठेवी, दोघं ती पोटाशी धरत आणि पोल्का करत सत्तर आणि वर बारा पावलं येत. बाप वीट घेऊन रची. जोडी रिकाम्या हातांनी नाचत परत.

पोरींच्या आया खूश होत्या. एरवी पोल्कात पोरं-पोरी किती जवळ येतात यावर त्यांना डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागे. इथं मध्ये अर्धा मण माती होती. त्या निवांत कोलाचे खात बसल्या. पुढल्या वर्षी आमच्या भागात सतरा लग्नं झाली, तेव्हा त्यांना मातीच्या उंचीचा अंदाज चुकला असावा.

दुपारी लोखंडी चूल न्यायची वेळ आली. चुलीत हंस होता, अर्धवट भाजलेला. आई म्हणाली, विझवायची नाही, हंस बिघडेल. चार गड्यांनी पेटती चूल काठ्यांवर उचलली आणि धूर सोडत, तालावर पावलं टाकत नेली. आत्या शेजारून चालत हंसावर चरबी ओतत होती. अर्ध्या वाटेवर तिनं लाकूडही सारलं.

त्या धुराकडं बघत पेक आला. घोडागाडी उभी करून ओरडायला लागला. हृश्कानं वाजवणं थांबवलं नाही, म्हणून त्यालाही तालावर ओरडावं लागलं.

"काय म्हणतोय?" बाप भिंतीवरून.

"म्हणतोय, माती त्याच्या जमिनीतली आहे. चोरी आहे."

बापाचा हात थांबला. हे खरंच होतं. विटा त्याच खोलगटातल्या. नाचणारे थांबले. शेवटी हृश्काही थांबला. आईनं घाम पुसला आणि नणंदेकडं पाहिलं.

आत्या पेककडं वळली. "मिस्टर पेक, जमीन कधी घेतलीत?"

"ऑगस्टमध्ये. कागद आहे."

"विटा मेमध्ये पाडल्या. तेव्हा जमीन सरकारची होती, आणि सरकारनंच आम्हाला घर बांधायला सांगितलं होतं. ऑगस्टनंतर तुमच्या जमिनीतलं काही घेतलं असेल तर सांगा. एक काडी?"

पेकनं हॅट काढली, परत घातली. मग म्हणाला, "विहीर माझी."

"विहीर तुमची," आत्या म्हणाली. "ती नाचत नाही."

आईनं पुढची वीट काढली. "मातौश, झोपलास काय?" ती ओरडली, आणि पोल्का सुरू झाला.

दिवस बुडायच्या आत भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं, चूल धगधगली, गाद्या पडल्या. वीस तारखेला पेक खरंच दोन साक्षीदार घेऊन आला. साक्षीदारांनी त्याच्याच खुंटीपासून पावलं मोजली. दारापर्यंत बारा. आत चूल, अंथरूण, आणि अंथरुणावर पाय वर करून पडलेली माझी आई. एक साक्षीदार म्हणाला, "परवा हे घर तिकडं होतं ना?" दुसरा म्हणाला, "कायदा परवाचं विचारत नाही." पहिल्यानं मान हलवली. दोघं कोलाचे खाऊन गेले.

आता पेकची पंचाईत झाली. त्यालाही सहा महिन्यांत घर हवं होतं, आणि त्यानं मनात आमचंच धरलेलं. वीट पडत नव्हती. त्यानं विहिरीशेजारी तंबू ठोकला. आम्हाला पाणी दिलं नाही. बापानं दोन मैलांवरच्या ओढ्यावरून पिंपानं आणलं. डिसेंबरात पहिलं हिमवादळ आलं, तेव्हा तंबू उडून शेजारच्या आयोवात गेला म्हणतात. पेक आमच्या दाराशी आला. आईनं त्याला चुलीजवळ बसवलं, तीन दिवस खायला घातलं आणि चौथ्या दिवशी बापानं त्याला स्टेशनवर सोडलं. जाताना त्यानं कचेरीत जमीन सोडल्याचा कागद लिहून दिला.

त्याच दुपारी आत्यानं बैल जुंपले. लग्न न झालेल्या, एकवीस वर्षांवरच्या बाईला सरकार जमीन देई. कारकुनानं विचारलं, "घरातला कर्ता कोण?"

"मी," आत्या म्हणाली.

हृश्कानं ऐकलं आणि लगोलग चौथ्यांदा मागणी घातली. आत्या म्हणाली, पाच वर्षांनी कागद हातात पडला की विचार, तोवर अकॉर्डियन सुधार.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप बादली घेऊन विहिरीवर गेला. दोर सोडणार तोच आत्या समोर उभी.

"हावेल, विचारून घ्यायचं पाणी. माझी जमीन आहे."

बापानं बादली खाली ठेवली, टोपी काढली आणि विचारलं.