चादरीची तीट

आमच्या घरातलं प्रत्येक बाळ पहिल्यांदा गुंडाळलं गेलं ते एकाच चादरीत. लाल जमिनीवर काळी फुलं, आणि एका कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याचा काळा डाग.

ती चादर मी उज्जैनजवळच्या भैरवगढहून, ठप्प्यांनी कापड छापतात त्या गावाहून, आणली तेव्हा आम्हाला उज्जैनला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. माझे यजमान श्रीकांत रेल्वेत होते, त्यांची बदली झालेली. सामान अजून भुसावळलाच पडून, आणि मी पोटुशी. दुकानदारानं घडी अशी घातली की डाग आत राहिला. घरी चादर उलगडली तर कोपऱ्यात अंगठा! हे म्हणाले, "उद्या परत करून येतो."

तो उद्या आलाच नाही. दिवस भरायच्या आधीच पहाटे कळा सुरू झाल्या आणि अरविंद जन्मला. बाळाला जुन्या मऊ कापडात घ्यायचं असतं. पण आमची जुनी लुगडी, धोतरं सगळी भुसावळच्या ट्रंकेत. हाताशी होती ती फक्त ही चादर.

सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, चार दिवसांनी येऊन पोचल्या आणि दारातच कडाडल्या, "नवं कोरं कापड, आणि तेही काळ्या फुलांचं? अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस?" मग त्यांना तो डाग दिसला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "बरं झालं," आवाज उतरला त्यांचा. "कापडालाच तीट लावलीय कुणीतरी."

तेव्हापासून तो डाग आमच्या घरची तीट झाला. अरविंदनंतर जयू, मग त्यांची मुलं. दर धुण्याला चादर मऊ होत गेली. लाल रंग आधी मिरचीसारखा होता, तो विटेसारखा झाला. फुलांची एक गंमत मला पाठ होती. प्रत्येक फुलाची एक पाकळी तुटकी, झाडून सगळ्या फुलांची तीच पाकळी. अंगठा मात्र होता तसाच काळा राहिला.

यंदा अरविंदची लेक केतकी बाळंतपणाला आमच्याकडे उज्जैनच्या माधव नगरला आली. मुलगी झाली. एक दिवस बाळाला तेल लावता लावता केतकीनं त्या डागाचा मोबाइलवर फोटो काढला आणि मोठा करून माझ्यापुढे धरला.

"आजी, रेषा बघ! अंगठ्याच्या रेषा दिसतायत."

मी चष्मा लावला. खरंच होत्या. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा, एकात एक, बारीक. इतकी वर्षं मी ही चादर धुतली, वाळवली, घडी घातली. मला डाग दिसत होता, माणूस कधी दिसला नव्हता.

"केवढासा अंगठा आहे गं," केतकी म्हणाली. "कोणाचा असेल?"

मला पन्नास वर्षांपूर्वीच्या गवळ्याच्या म्हशीचं नावसुद्धा आठवतं, पण हा अंगठा कोणाचा, ते मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. आपली सगळी मुलं ज्या हातांच्या कापडात निजली, ते हात अजून असतील तर बघायचे होते. नसतील तर तेही कळायला हवं होतं.

सव्वा महिना झाल्यावर बाळाला घेऊन निघालो. गाडी चालवत अरविंद कुरकुरत होता, "आई, एवढ्या वर्षांपूर्वीचं माणूस तुझ्यासाठी कोण सांभाळून ठेवणार आहे?"

"मी नाही का राहिले?" मी म्हटलं.

भैरवगढला पहिल्याच दुकानात मी चादर पसरली. दुकानदार फुलांवर वाकला आणि हसला. "टूटी पंखुड़ी! ये ठप्पा तो हमीदा बी के घर का है, माताजी. पीछे की गली में, नीम वाला मकान."

गल्लीत शिरलो तसा आवाज ऐकू यायला लागला. लाकडी ठप्प्यावर मूठ आपटत होती, थांबून थांबून. कडुनिंबाखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये लांब टेबलाशी एक किडकिडीत म्हातारी उभी होती. माझ्याच वयाची, फार तर थोडी लहान. मागे तिचा मुलगा ताग्यांच्या घड्या घालत होता. आम्ही काही बोलायच्या आत तिची नजर माझ्या हातातल्या चादरीवर गेली आणि ठप्पा हवेतच राहिला.

"वापस आई है?" तिनं विचारलं.

"देखा, अम्मी?" मुलगा पुढे आला. "पिछले महीने दो थान लौटे, अब ये. मैंने क्या बोला था? एक और वापस आया तो ठप्पा बंद. अब आप आराम करो." मग आमच्याकडे वळून, "माफ करना, आंटीजी. हाथ काँपते हैं इनके, रंग फैल जाता है. मानती नहीं हैं. अभी बदल देता हूँ."

हमीदा बींनी ठप्पा खाली ठेवला. असा ठेवला, जसा परत उचलायचाच नाही.

"बदलने नहीं आए, भैया," मी घाईनं म्हटलं. "दिखाने आए हैं." आणि चादर तिच्या टेबलावर पसरली.

ती वाकली. तुटक्या पाकळीवरून तिनं बोट फिरवलं. एक फूल, दुसरं फूल, असं करत बोट कोपऱ्यापर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"सलीम," ती मुलाला म्हणाली, "ये वो है. जो वापस नहीं आई थी."

मग तिनं सांगितलं. नवी सून म्हणून आली, तेव्हा लहानच होती. सासऱ्यांनी पहिल्यांदा ठप्पा हातात दिला तो याच चादरीवर. अंगठ्याला रंग लागलेला, चादर सरकवायला गेली आणि उमटला. लोखंड आणि गूळ सडवून केलेला काळा रंग, धुऊन जाणारा नव्हे. सासरे, ज्यांना ती अब्बा म्हणायची, म्हणाले, माल दुकानात जाईल, पण परत आला तर पुन्हा ठप्प्याला हात लावायचा नाही.

"दरवाज़े पे कोई गठरी लेके आता, तो मैं रंग के हौद के पीछे छुप जाती थी. महीनों तक. पर नहीं आई. फिर अब्बा ने दूसरी चादर दे दी. फिर तीसरी." ती हसली. "फिर तो गिनती ही नहीं रही."

कळा एक दिवस उशिरा सुरू झाल्या असत्या तर आमच्या यांनी चादर परत केली असती. या बाईचा ठप्पा तिथेच थांबला असता. मग गावोगावच्या पलंगांवर, पाळण्यांवर जाऊन पसरलेली ती सगळी फुलं कुठली? मी जमेल तशा हिंदीत तिला ते सांगितलं आणि अरविंदकडे बोट दाखवलं.

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पांढरे केस, सुटलेलं पोट.

"शुक्रिया, बेटा," ती म्हणाली. "बड़े वक़्त पे आए."

अरविंद लाजला. त्याला लाजताना मी कित्येक वर्षांनी बघत होते.

केतकीनं बाळाला पुढे केलं. "दादी, इसे गोद में लीजिए."

हमीदा बींनी हात मागे लपवले. "काले हैं, बेटी."

"म्हणून तर," केतकी मराठीतच बोलून गेली, आणि मग मीच सांगितलं, "हमारे घर में इसे दाग नहीं कहते. नज़र का टीका कहते हैं. हमारे सब बच्चे इसी के नीचे सोए."

तिनं हात पुढे केले. बाळ त्या काळ्या तळव्यांवर आलं, जांभई दिली आणि झोपलं. कडुनिंबाची पानं पत्र्यावर पडत होती तेवढाच आवाज.

"सलीमभाई, मुझे भी एक ऐसी ही चादर चाहिए," केतकी म्हणाली. "यही टूटी पंखुड़ी. और कोने में दादी का टीका. टीका नहीं होगा, तो वापस ले आऊँगी."

सलीमनं डोकं खाजवलं. आईकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं. मग रंग पक्का धरावा म्हणून हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं कोरं पिवळसर कापड त्यानं टेबलावर ओढून नीट केलं, आणि काळ्या रंगाची तबकडी तिच्यापुढे सरकवली.

बाळाला माझ्याकडे देऊन हमीदा बींनी अंगठा रंगात बुडवला. कोपऱ्यावर उमटला तो जरा पसरलेला, जुन्याहून केवढा तरी मोठा. आधी करडा दिसला, मग बघता बघता काळा होत गेला. आम्ही सगळे वाकून बघत होतो.

"धूप में डाल दूँ, अम्मी?" सलीमनं विचारलं.

"रुक," ती म्हणाली आणि ठप्पा उचलला. "अभी तो सारे फूल बाकी हैं."