पुरतं एक मिनिट

नाडी बघायची तर पुरतं एक मिनिट, हा सिस्टरचा नेम होता. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणाऱ्यांची तिला चीड होती. ती शिकत होती तेव्हा मेट्रनबाई वॉर्डातून फिरायच्या आणि एखादीने रोग्याचं मनगट लवकर सोडलं की मागून म्हणायच्या, "काय गं, गाडी सुटतेय का तुझी? माणूस बोलत असताना अर्ध्यावर उठून जाशील का? मग नाडीनंच काय पाप केलंय?" मेट्रनबाईंना जाऊन वर्षं लोटली, पण सिस्टरच्या छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ तेच राहिलं आणि नेमही तोच.

तो नेम घेऊन ती बर्फावर गेली तेव्हा चाळिशी उलटली होती. आठ माणसांचं संशोधन केंद्र होतं ते. थंडीत माणसाच्या शरीराचं काय काय होतं, याचा तिथे एक तिशीतला डॉक्टर अभ्यास करत होता आणि त्याला अनुभवी नर्स हवी होती. सिस्टरचा धाकटा दीर त्याच केंद्रावर मेकॅनिक होता. खबर त्यानेच आणली. सहा महिने, आणि एकदा बर्फाने वाट अडवली की मध्ये जाणं नाही, येणं नाही. नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. नवरा मात्र म्हणाला, "जा तू. मी मुलांना सांभाळीन, नाहीतर मुलं मला सांभाळतील."  सामान बांधून झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जातेस तर जा. पण येताना धाकट्याला घेऊन ये. एकटी आलीस तर दार उघडायची नाही." तोंड हसत होतं, डोळे हसत नव्हते.

केंद्रावर रोज सकाळी न्याहारीआधी सगळ्यांनी दवाखान्याच्या खोलीत रांग लावायची. वजन, रक्तदाब, ताप, नाडी. आठजणांना आठ मिनिटं नाडीचीच जायची, आणि पोटात कावळे ओरडत असायचे.

"सिस्टर, पंधरा सेकंद पुरे," डॉक्टर म्हणायचा. "मला सरासरीच काढायची आहे."

"तुम्ही काढा सरासरी. मी नाडी बघते."

दिराची बारी आली की तो हात पुढे करून मान टाकायचा. "वहिनी, माझ्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा एवढ्या वेळात उरकला असता."

"तुमच्या लग्नाला मुलगी मिळाली की मी स्वतः घड्याळ घेऊन उभी राहीन, भाऊजी. बोलू नका, आकडा चुकतो."

मग खोलीत हशा पिकायचा. स्वयंपाकी, जो हसण्यात सगळ्यांच्या पुढे असायचा, तो पळी वाजवून मिनिट मोजायला लागायचा. असे दिवस गेले. चार महिने कसे सरले कळलं नाही.

पाचव्या महिन्यात एका सकाळी वारा सुटला. ट्रॅक्टरची शेड केंद्रापासून दोनशे पावलांवर होती आणि तिथवर दोर बांधलेला असे. बर्फ उडायला लागलं की दोर धरूनच जायचं. दीर बॅटऱ्या बघून येतो म्हणून गेला. न्याहारी झाली, भांडी झाली, तो आला नाही. स्वयंपाक्याने दोर ओढून पाहिला तर तो सैल हातात आला.

दोघेजण एकमेकांना बांधून घेऊन शोधायला निघाले. तीन तासांनी तो सापडला, शेडच्या मागच्या बाजूला. पाय मुरगळून पडला होता आणि अंगावर बर्फाची गोधडी चढली होती.

त्याला टेबलावर ठेवलं तेव्हा तो पांढराफटक होता. हात लाकडासारखे ताठ. छाती हलताना दिसत नव्हती. डॉक्टरने सवयीने थर्मामीटर झटकला आणि काखेत घातला, गळ्यावर बोटं टेकवली, मग कान लावला.

"नाडी नाही," तो म्हणाला.  "आणि ताप पस्तीस. पस्तिसाला गारठ्यानं हृदय बंद पडत नाही. म्हणजे दुसरंच काहीतरी झालंय. छाती दाबायला घेतो."

हृदयाचा आलेख काढायचं यंत्र होतं, पण ते आदल्याच दिवशी दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेलं, आणि ते जोडणारा माणूस टेबलावर पडलेला.

डॉक्टरचे दोन्ही तळवे छातीवर बसले. सिस्टरने ते धरले.

"थांबा."

"सिस्टर, वेळ जातोय!"

"हा तापाचा थर्मामीटर आहे, डॉक्टर. ताप मोजायला केलेला. पस्तिसाच्या खाली याला रेघच नाही. तुम्ही पारा झटकून तळाला नेलात, तो तिथेच बसलाय. माझे भाऊजी किती गार आहेत ते याला ठाऊकच नाही."

डॉक्टरने काचेकडे पाहिलं. चार महिने रोज तोच थर्मामीटर, आणि रोज निरोगी माणसं. त्याचे हात आपोआप वर आले.

"गारठलेलं हृदय चिडकं असतं, हे तुम्हीच मला शिकवलंत," ती हळू म्हणाली. "चालू असेल आणि आपण दाबलं, तर बंद पडेल. मला एक मिनिट द्या. पुरतं."

तिने आपली बोटं आधी स्वतःच्या काखेत ऊब देऊन घेतली. मग गळ्याच्या बाजूला ठेवली आणि घड्याळ वर उचललं.  पाच सेकंद. काही नाही. आठ, नऊ. काही नाही. स्वयंपाकी भिंतीला टेकून उभा होता, हातात काही नसताना मूठ पळी धरल्यासारखी वळलेली. सिस्टरला वाटलं, आपण आपल्याच बोटांचे ठोके ऐकू, म्हणून तिने दाब कमी केला. सासूबाईंचं दार डोळ्यांपुढे आलं, तेही तिने बाजूला सारलं. मोजताना मन मध्ये आणायचं नाही, मेट्रनबाई म्हणायच्या.

दहाव्या सेकंदाला बोटाखाली काहीतरी हललं. कुणीतरी लांबून दार लोटावं, एवढंच.

पंधराव्याला पुन्हा.

 काटा पुरा फिरून आला तेव्हा तिने मान वर केली. "अकरा."

 गार पाण्यातल्या प्रयोगासाठी आणलेलं तारेचं तापयंत्र डॉक्टरने धावत जाऊन आणलं. कुठे घातलं ते सांगत बसत नाही. आकडा सव्वीस आला. मग हळूहळू सगळं सुरू झालं. धक्का नाही, चोळणं नाही. गरम पाण्याच्या पिशव्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीशी, कोमट सलाईन, ऊन वाफेचा ऑक्सिजन. स्वयंपाकी पाणी तापवत राहिला. सिस्टर दर दहा मिनिटांनी मिनिटभर नाडी मोजत राहिली आणि वहीत लिहीत गेली: चौदा, एकोणीस, सव्वीस, चाळीस. संध्याकाळी दीर थडथड कापायला लागला, आणि त्या कापण्याइतकं गोड काही तिने त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याने डोळे उघडले तेव्हा तिची बोटं मनगटावरच होती.

"झालं का... मिनिट?" तो पुटपुटला.

"अजून वीस सेकंद," सिस्टर म्हणाली. "बोलू नका." आणि त्या खेपेला तिचा आकडा खरोखरच चुकला, कारण घड्याळ दिसेनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने नोंदींचा तक्ता नव्याने आखला. नाडीच्या रकान्यावर त्याने स्वतःच्या अक्षरात 'साठ सेकंद' लिहिलं आणि तो साधा थर्मामीटर एका वेगळ्या डब्यात ठेवून त्यावर चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते त्याने कुणाला वाचू दिलं नाही. रांगेत मात्र कुणी कुरकुरलं नाही. पळीसुद्धा वाजली नाही. शेवटी दीरच कंटाळून म्हणाला, "अरे वाजव की! मेलोय का मी?"

वाट मोकळी झाली तशी दोघं घरी आली. दीर अजून जरा लंगडत होता. सिस्टरने कडी वाजवली. सासूबाईंनी दार उघडलं, आधी तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं, मग तिला पाहिलं. केंद्रावरच्या बिनतारी संदेशातून त्यांना फक्त पाय मुरगळल्याचं कळवलेलं होतं. पण आया ओळखतात. त्यांनी धाकट्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. सोडायलाच तयार नाहीत.

"आई," तो म्हणाला, "तू पण पुरतं एक मिनिट धरणार का?"

"गप रे," सासूबाई म्हणाल्या, आणि एक हात सोडवून त्यांनी सिस्टरला आत ओढलं.