खालचा ट्रे

अंड्यातून पिल्लू यायला काय लागतं, हे थोरलीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ऊब लागते, ओल लागते, हवा लागते, आणि अधूनमधून कूस बदलून देणारं कुणीतरी लागतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती हेच करत होती. सासूबाईंनी घरामागच्या खोलीत उबवणीचं मशीन मांडलं होतं. आसपासचे कोंबड्या पाळणारे तिथं अंडी आणून देत आणि पिल्लं घेऊन जात.

मग धाकटी आली, दिराची बायको. तिला सगळं शिकवलं ते थोरलीनंच. अंडं दिव्यासमोर कसं धरायचं, आतल्या लाल शिरा कशा ओळखायच्या, ज्यात जीव नाही ते कसं बाजूला काढायचं. शिकवताना थोरलीला फार बरं वाटलं. शिकवून झाल्यावर वाटेनासं झालं, कारण धाकटीच्या ट्रेमधून पिल्लं जास्त निघायला लागली. फार नाही, चार-दोनच. पण पोटात दुखायला तेवढी पुरतात.

"तिच्या हाताला गुण आहे," भाजी निवडता निवडता सासूबाई एकदा सहज म्हणाल्या.

थोरलीनं ते वाक्य तिथून उचललं आणि जपून ठेवलं. धुणं वाळत घालताना ती ते काढून बघायची, भांडी विसळताना पुन्हा काढायची. गुण म्हणे. हात माझा बघून बघून तिचा झाला, तेव्हा गुण कुठून आला ते विचारा की कुणीतरी.

कुणी विचारलं नाही. उलट सासूबाईंच्या डोळ्यांना अंधुक दिसायला लागलं आणि त्यांनी जाहीर करून टाकलं, "एवढी खेप निघाली की खोली एकीच्या ताब्यात देते. दोघी मिळून बघायला लागल्या की अंडी उबायची सोडून उकडतील."

"तुलाच देईल आई," थोरलीचा नवरा म्हणाला. "तू मोठी आहेस."

"मोठेपणावर द्यायची तर त्या मशीनलाच देऊ दे. ते माझ्याहून जुनं आहे."

त्या मशीनला एकच दार होतं आणि दाराला तळहाताएवढी काच. आत दोन ट्रे, वरचा थोरलीचा आणि खालचा धाकटीचा. शेवटच्या दिवसांत अंडी हलवायची नाहीत आणि दार उघडायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. पिल्लू आतून कवच टोचायला लागलं की त्याची एकच गरज उरते, कुणी मध्ये न येण्याची. दार उघडलं की आतली ओल निघून जाते, कवचाखालचा पापुद्रा वाळतो आणि पिल्लाला आवळून धरतो. हाही नियम धाकटीला शिकवला होता थोरलीनंच.

त्या दिवशी धाकटी जेवायला गेली आणि मशीनमधून चिवचिव ऐकू आली. थोरली काचेला नाक लावून उभी राहिली. काचेवर आतून वाफ धरली होती. आवाज खालून येत होता की वरून? खालून आला असं वाटलं. मग वरून. मग नक्की खालून, आणि भरपूर. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बघायला तर हवंच. एवढंसं बघून काय होतंय?

दार उघडलं. पण खालचा ट्रे बघायचा तर वरचा काढावा लागत होता. तिनं आपला ट्रे बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि वाकून धाकटीची अंडी मोजायला लागली. कुठल्या कवचावर तडा आहे, कुठल्याला भोक पडलंय. ओळीतली एक जागा दोनदा मोजली गेली म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजलं. टेबलावर खिडकीचं वारं येत होतं.

धाकटी परत आली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

"ताई, काच कशी काय साफ झाली? मगाशी वाफ होती ना?"

"बाहेर ऊन वाढलंय."

"उन्हानं आतली वाफ जाते?"

"तुला फार प्रश्न पडतात हं."

दुपार कलेपर्यंत खालच्या ट्रेमध्ये ओली, चिपाड पिल्लं कवचं ढकलून बाहेर पडली आणि धडपडत एकमेकांच्या अंगावर चढली. वरच्या ट्रेमध्ये भोकं पडली होती, पण पुढं काही होत नव्हतं. एक पिल्लू सारखं ओरडत होतं. ते दमलं की दुसरं सुरू व्हायचं.

सासूबाई भिंत धरून आल्या, स्टुलावर बसल्या आणि मान कलती करून ऐकत राहिल्या.

"वरची ओरडतायत," त्या म्हणाल्या. "अडकलीत ती. दार कुणी उघडलं?"

थोरली जमिनीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांसमोरून खोली चालली होती, मशीनसकट.

"मी, आई," धाकटी म्हणाली. "आतलं पाणी कमी झालंय असं वाटलं, म्हणून."

थोरलीनं मान वर केली. ही काय नवीन तऱ्हा? पिल्लं हिची जास्त, गुण हिच्या हाताला, आणि आता चांगुलपणाही हिनंच करायचा? उद्या सासूबाईंना खरं कळलं की वर म्हणतील, बघा किती मोठ्या मनाची. एवढं मात्र ती हिला मिळू देणार नव्हती.

"खोटं बोलतेय ती," थोरली म्हणाली. "मी उघडलं. हिचा ट्रे बघायला."

"आणि तुझा?"

"टेबलावर ठेवला होता."

सासूबाईंचे खांदे हलायला लागले. रडतायत की काय असं वाटलं, पण त्या हसत होत्या.

"म्हणजे हिची मोजेपर्यंत तू तुझी वाळवलीस. बरं, आता खालची निघालीत, दार उघडायला हरकत नाही. कोमट पाणी आणा."

धाकटीनं पाणी आणि मऊ फडकं आणलं. थोरली एकेक अंडं हातात घेऊन पापुद्रा ओला करायची आणि कवचाचा कपचा नखानं उचलायची. रक्ताचा लाल ठिपका दिसला की थांबायची, अंडं फडक्यात गुंडाळून आत ठेवायची आणि पुढचं घ्यायची. मध्ये एकदा धाकटीनं हात पुढे केला.

"तू वाटी धर," थोरली म्हणाली.

संध्याकाळपर्यंत बहुतेक सुटली. दोन सुटली नाहीत. ती थोरलीनं बराच वेळ ओंजळीत धरून ठेवली होती.

"खोली धाकटीकडे," सासूबाई रात्रीच्या जेवणाआधी म्हणाल्या. "अंड्याला एकटं सोडावं लागतं, ते तुला जमत नाही. निघालेली पिल्लं मात्र तू बघ. त्यांना एकटं सोडून चालत नाही."

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, आणि सासूबाईंचं खोटं नव्हतं, त्यामुळे जास्तच झोंबल्या.

सकाळी ती बल्ब लावलेल्या खोक्याजवळ बसली. पिल्लं बल्बखाली दाटी करून बसलेली बघून तिनं बल्ब जरा खाली घेतला. ती पांगली, तेव्हा हात थांबवला. मग एकेकाची चोच पाण्यात बुडवून त्याला पाणी काय असतं ते दाखवायला लागली. धाकटी येऊन शेजारी उकिडवी बसली.

"ताई, मी एक घेऊ?"

थोरलीनं खोकं स्वतःकडे ओढलं. मग आत बघितलं, थोडा विचार केला आणि एक पिल्लू उचलून तिच्या हातावर ठेवलं. सगळ्यांत धट्टंकट्टं नव्हे. ते तिनं आपल्यापाशी ठेवलं.