जप्तीच्या शेतातला तांदूळ

"अंकल, आय अ‍ॅम द कलेक्टर," पर्णिकाने जाहीर केलं. शाळेत वादविवाद होता : जप्त केलेल्या जमिनीचं परक्या सरकारने काय करावं? विकावी, ठेवावी की परत द्यावी? "आय विल रिटर्न इट."

"मग आम्ही कुठे जायचं गं?" सुरेशने विचारलं.

"दॅट्स नॉट इन द क्वेश्चन, अंकल."

तिच्या बापाच्या, म्हणजे सदानंदच्या, घरचंच हे प्रकरण. एकोणीसशे तीस साली त्याच्या आजोबांनी सारा भरला नाही. इंग्रजांनी शेत जप्त करून लिलावात काढलं. कुणीच बोली लावायची नाही, असं गावाने एकमताने ठरवलं. या एकमतात सुरेशचे आजोबा नव्हते; शेत त्यांनीच घेतलं. त्या शेताचा दाणा आपल्या घरात शिजणार नाही, अशी शपथ सदानंदच्या आजोबांनी घातली. इंग्रज गेले, शपथ राहिली.

नातू मात्र आखातात, रास अल खैमातल्या एकाच सिमेंट कारखान्यात आले. सदानंद स्टोअरकीपर, सुरेश क्रेनवर. सुरेश दर सुट्टीहून त्या शेतातला आंबेमोहोर आणायचा, सदानंद नको म्हणायचा, मग दोघे चहा प्यायचे. चौदा वर्षं.

आज सुरेशचा व्हिसा कॅन्सल झाला होता. संध्याकाळी विमान.

"पिशवी ठेवून चाललोय," तो म्हणाला.

"फेकून देईन."

"दे. खलास." चहा अर्धा टाकून तो उठला.

"शिजवू?" सदानंदच्या बायकोने, सुचित्राने, विचारलं.

"अण्णांना विचारतो."

सदानंदचे वडील अण्णासाहेब गावीच होते, ऐंशीचे. जप्तीच्या दिवशी बारा वर्षांचे, बांधावर उभे होते.

"अण्णा, सुरेश तांदूळ ठेवून गेला. त्या शेतातला."



"दाणा बारीक आहे?"

"हो."

"वास?"

सदानंदने पिशवीत तोंड घातलं. "येतोय."

"यायचाच. खालच्या बांधाला झरा आहे. तुम्ही खा रे. पोरीला वाढ. शपथ माझ्यापर्यंतच राहू दे."

सदानंदने मान हलवली तशी सुचित्राने तांदूळ धुवायला घेतले. अण्णा झऱ्याबद्दल बोलत राहिले. खेकड्यांबद्दल, बांधावरच्या करवंदांबद्दल. याआधी ते त्या शेताबद्दल कधी बोलले नव्हते.

कुकरची शिट्टी होणार असं वाटताच, ती अण्णांना ऐकू जाऊ नये म्हणून, सदानंदने रिसीव्हरवर तळहात दाबून धरला.